गप्प बसलेला डबा
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



आम्ही बँकेत लोकलने जातो. एका संध्याकाळी गर्दीत एक इसम एका कॉलेजच्या मुलीला मुद्दाम खेटत होता. ती अंग चोरून उभी होती. आम्हांस सारे दिसत होते. पण 'कशाला नसती भानगड' म्हणून आम्ही वर्तमानपत्रात तोंड खुपसले. पुढच्या स्टेशनला ती उतरून गेली. ती लाज आम्हांस अजून सोडत नाही.

१९९२ साली चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली. महिलांचे डबे आहेतच. पण पुलावर, फलाटावर, बसमध्ये बाईच्या भोवती आपणच असतो.

कायदाही आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७४ प्रमाणे विनयभंगास १ ते ५ वर्षे कारावास आहे. 'ही आमची हद्द नाही' म्हणून पोलीस ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावाच लागतो. रेल्वेसाठी १३९, पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक पाठ करा. आणि पाहिले असेल तर साक्षीदार म्हणून आपले नाव द्या.

पालकांनो, मुलगी घरी येऊन सांगेल तेव्हा 'त्या गाडीने गेलीसच का?' असे विचारू नका. तिचे कॉलेज बंद केलेत, तर गुन्हा त्याचा आणि शिक्षा तिला!

तरुणांनो, 'ओ, जरा लांब उभे राहा' एवढे मोठ्याने म्हणा. एक आवाज निघाला की दुसरा निघतो. आम्ही त्या दिवशी तो काढला नाही. तुम्ही काढा.