मोहन सामंत : वाळू, तार आणि सारंगी



आधुनिक भारतीय चित्रकलेचा विषय निघाला की काही नावं आपसूक ओठांवर येतात. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. मग गायतोंडे, पळशीकर, बरवे. ही नावं यायलाच हवीत. पण याच काळातला, मुंबईच्या उपनगरात जन्मलेला आणि जे.जे.त शिकलेला एक मराठी चित्रकार या यादीतून हमखास निसटतो. 1956 साली व्हेनिसच्या बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्याचं काम होतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्याचं चित्र आहे. त्याचं नाव मनमोहन बाळकृष्ण सामंत. कलाजगतात मोहन सामंत. आजचं व्याख्यान त्यांच्यावर आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सामंतांचं चित्र ही एक घडवलेली वस्तू आहे. तिला जाडी आहे, वजन आहे, तिची स्वतःची सावली पडते. आपण मात्र चित्रं पाहायला शिकलो ती पुस्तकांतून, दिनदर्शिकांवरून आणि आता फोनवरून. या दोन गोष्टींचा मेळ बसला नाही, आणि त्यात एक मोठा चित्रकार आपल्या हातून सुटला.

सामंतांचा जन्म 1924 सालचा, गोरेगावचा. तेव्हाचं गोरेगाव मुंबईच्या हद्दीबाहेर होतं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी 1952 साली घेतली. तिथे शंकर पळशीकरांसारखे शिक्षक त्यांना लाभले. पळशीकरांची मुळं भारतीय चित्रपरंपरेत घट्ट रुजलेली होती आणि नजर आधुनिक होती. सामंतांची सुरुवातीची जलरंगातली चित्रं पाहिली की बसोली शैलीतली आणि जैन पोथ्यांमधली लघुचित्रं त्यांनी किती बारकाईने अभ्यासली होती ते कळतं. सपाट, तेजस्वी रंग, त्यांच्याभोवती धारदार रेघ, आणि एकाच चौकटीत नांदणारे अनेक प्रसंग. हे शिक्षण त्यांना जन्मभर पुरलं.

सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी 1947 साली स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं चित्र 1952 पर्यंत पार बदललं होतं. सूझा लंडनला गेले होते, रझा पॅरिसला, बाकरेही लंडनला. मागे राहिलेल्यांना नव्या माणसांची गरज होती. गायतोंडे, कृष्ण खन्ना आणि सामंत आले ते या दुसऱ्या फळीत. पहिल्या सहा जणांभोवती पुढे जे वलय तयार झालं, ते या फळीच्या वाट्याला तेवढं आलं नाही. गायतोंडेंना ते उशिरा मिळालं. सामंतांना अजून मिळायचं आहे.

1956 हे वर्ष त्यांच्यासाठी भरभराटीचं होतं. बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक, ललित कला अकादमीचा पुरस्कार आणि व्हेनिस बिनाले, सगळं एकाच वर्षात. दिल्लीत थॉमस कीन यांनी भरवलेल्या ‘एट पेंटर्स’ या प्रदर्शनातही ते होते. सोबत बेंद्रे, गायतोंडे, हुसेन, राम कुमार अशी मंडळी होती. पाठोपाठ इटली सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि 1957-58 हा काळ त्यांनी रोममध्ये काढला.

ते रोम नेमकं कसं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. युद्धानंतरच्या युरोपात चित्रकारांनी रंगाच्या पलीकडचं साहित्य हाती घेतलं होतं. रोममध्ये आल्बेर्तो बुर्री जुनी गोणपाटं शिवून, जाळून चित्रं करत होता. स्पेनमध्ये आंतोनी तापिएस वाळू आणि संगमरवराची भुकटी वापरत होता. फ्रान्समध्ये द्युबुफेने चिखलासारखे जाड थर कॅनव्हासवर चढवले होते. चित्र म्हणजे जगाकडे उघडणारी खिडकी, ही युरोपची जुनी समजूत मोडीत निघाली होती. चित्राची भिंत झाली होती.

सामंतांना ती भिंत परकी वाटली नसणार. इजिप्तमधल्या थडग्यांतली भित्तिचित्रं, लास्कोसारखी गुहाचित्रं यांची त्यांना विलक्षण ओढ होती, आणि ती त्यांच्या चित्रांत उघड दिसते. आपल्याकडे अजिंठ्याच्या कारागिरांनीही रंग लावण्यापूर्वी दगडावर माती, भुसा आणि वनस्पतींच्या तंतूंचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा हात फिरवला आणि मगच कुंचला उचलला. पृष्ठभाग आधी रचायचा आणि चित्र मग काढायचं, ही रीत फार जुनी आहे. सामंतांनी ती आधुनिक चित्रात आणली.

1959 साली रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. अमूर्त अभिव्यक्तिवादाचा तिथे दबदबा होता. पण सामंत त्या लाटेत वाहून गेले नाहीत. 1963 सालचं ‘ग्रीन स्क्वेअर’ घ्या. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे ते हेच चित्र. रंगात वाळू कालवलेली, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत आणि दाट. नावात चौकोन आहे म्हणून भूमितीची शिस्त शोधायला जावं, तर हाताला लागतो जुन्या, झिजलेल्या, उकरलेल्या भिंतीचा पोत. त्याच वर्षी कॅनडात सुरू होऊन लंडनच्या टेट गॅलरीत गेलेल्या डन इंटरनॅशनल या प्रदर्शनासाठी जगभरातून सुमारे 100 समकालीन चित्रकार निवडले गेले. त्यांत सामंत होते. पुढे काही काळ ते मुंबईत परतले आणि 1968 मध्ये कायमचे न्यूयॉर्कला गेले. 2004 च्या जानेवारीत तिथेच त्यांचं निधन झालं.

आता सारंगीविषयी. सामंत आयुष्यभर सारंगी वाजवत होते. हा छंद म्हणून बाजूला ठेवण्याजोगा तपशील नाही, असं मला वाटतं. सारंगी एकसंध लाकडातून कोरून काढतात, तोंडावर कातडं ताणतात. तिला पडदे नाहीत. मुख्य तारा तातीच्या, तीन. आणि त्यांच्याखाली तरफेच्या धातूच्या तारा, साधारण पस्तीस. वाजवणारा तार बोटाच्या टोकाने दाबत नाही. नखाच्या मुळाशी तार घासत सूर काढावा लागतो. तिथली कातडी सोलून निघते, मग घट्टे पडतात. गज फिरतो वरच्या तीन तारांवर, पण ऐकू येतो तो खालच्या सगळ्या तारांचा झंकारही. कुणीही न छेडता त्या वाजतात.

सामंतांचा कॅनव्हासही असाच बोलतो. सर्वांत वर दिसणारा रंग म्हणजे अख्खं चित्र नव्हे. खाली प्लास्टर, वाळू आणि आधीच्या रंगांचे थर असतात. वरची रेघ ओढली की तेही जागे होतात. ज्या माणसाने सूर कातडीच्या किमतीवर मिळवला, त्याला गुळगुळीत पृष्ठभागावर समाधान मिळणं शक्यच नव्हतं.

सामंतांना अमूर्त चित्रकार म्हणावं का, असा प्रश्न विचारला जातो. पन्नास-साठच्या दशकांतली त्यांची बरीच चित्रं अमूर्ताच्या काठावर उभी आहेत. आकृती असते, पण ती पोतात अर्धी बुडालेली, लिपीच्या एखाद्या खुणेसारखी. पुढच्या दशकांत माणसं, प्राणी, मुखवटे, मिथकं पुन्हा वर आली. ‘मिडनाइट फिशिंग पार्टी’ किंवा ‘मास्क्ड डान्स फॉर द अ‍ॅन्सेस्टर्स’ ही नावंच पाहा. गायतोंडेंनी आकृती सोडली ती पुन्हा जवळ केली नाही. सामंतांनी ती सोडली नाही आणि जशीच्या तशी ठेवलीही नाही. दोन्ही वाटा तितक्याच कठीण आहेत.

या उत्तरकाळातलं त्यांचं तारकाम जवळून पाहण्यासारखं आहे. सामंत धातूची तार हाताने वाकवून माणसाची आकृती करत आणि ती कॅनव्हासवर बसवत. म्हणजे रेघ रंगाने ओढलेली नाही. ती पृष्ठभागापासून किंचित सुटलेली, हवेत उभी आहे. उजेड पडला की मागच्या रंगावर तिची सावली उमटते. एका आकृतीच्या दोन रेघा होतात, एक तारेची आणि एक सावलीची. आपण डावीकडून उजवीकडे सरकलो की त्यांच्यातलं अंतर बदलतं. कुठे कागदाची कातरणं चिकटवलेली, कुठे कॅनव्हासमध्ये कोनाडा करून त्यात इवलीशी खेळणी ठेवलेली. समोर एका जागी उभं राहून हे चित्र पुरतं दिसत नाही. त्यासाठी चालावं लागतं.

मग असा चित्रकार विस्मरणात का गेला? मला तीन कारणं दिसतात. एक, ते देश सोडून गेले. साठच्या दशकानंतर मुंबई-दिल्लीच्या कलाव्यवहारात ते रोज दिसणारे राहिले नाहीत, आणि अमेरिकेच्या कलेतिहासाने त्यांना आपलं मानलं नाही. दोन, त्यांनी एकच ठसा गिरवला नाही. बाजाराला दुरून ओळखू येणारी शैली लागते. सामंतांनी प्रत्येक दशकात साहित्य बदललं. तीन, त्यांची चित्रं छापून येत नाहीत. छायाचित्रात वाळूचा कण सपाट होतो आणि सावली म्हणजे नुसती करडी रेघ. समीक्षक रणजित होस्कोटे यांनी भारतीय समकालीन कलेच्या कथेतला हरवलेला दुवा म्हणून सामंतांकडे बोट दाखवलं आहे. 2013 साली मापिन प्रकाशनाने त्यांच्यावरचा मोठा ग्रंथ काढला. काम सुरू झालं आहे, पण ते मुख्यतः इंग्रजीत आहे.

म्हणून शेवटी काही मागण्या करते. संग्रहालयांनी चित्राखाली नुसतं ‘मिश्र माध्यम’ असं लिहून थांबू नये. वाळू आहे, प्लास्टर आहे, तार आहे, हे लिहावं. पाहणाऱ्याला ते कळायला हवं आणि जतन करणाऱ्यालाही. कॅनव्हास दमट हवेत सैल होतो, कोरड्या हवेत ताणतो. प्लास्टर मात्र वाकत नाही, तडकतं. मुंबईच्या हवेत तारेला गंजायला कितीसा वेळ लागतो? अशी चित्रं सांभाळणं हे वेगळं शास्त्र आहे आणि त्यासाठी माणसं तयार करायला हवीत.

कलाशिक्षकांनी मुलांना प्रतिमा दाखवून सोडून देऊ नये. मूळ चित्रापुढे न्यावं, कडेने पाहायला लावावं. आणि मराठीत कलेवर लिहिणाऱ्यांनी आशय आणि प्रतीकं यांच्या जोडीला चित्र कशाचं, कसं केलं आहे, यावरही लिहावं. आपल्याकडे गवंडी, सुतार, लोहार यांच्या कामाची शब्दसंपदा प्रचंड आहे. चित्राचा पृष्ठभाग वाचायला ती पुरेपूर कामी येईल. सामंतांना मान द्यायचा तर सत्काराच्या भाषणांपेक्षा अशा लेखनाची, अशा पाहण्याची गरज जास्त आहे. ते आपल्या हातातलं काम आहे, आणि ते इथल्याच, मराठी जाणकारांनी करायचं आहे.