शिकविणे, सांभाळणे आणि लिहिणे



शिक्षकाचे काम कोठे संपते, हा प्रश्न आपल्या वनभागात वारंवार उभा राहतो. त्याचे उत्तर अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या जीवनात सापडते. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी पुण्यात शिक्षिकेचे काम केले. १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडक यांच्या कार्यासाठी डहाणू तालुक्यातील बोर्डीस गेल्या व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत राहिल्या.

तेथे मोठी मुलगी भावंडे सांभाळण्यासाठी घरी राही आणि मुलगा गुरांमागे जाई. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांची स्वच्छता हाही शिक्षणाचाच भाग ठरला. पुढे ‘शिक्षणपत्रिके’च्या संपादनातून अनुताईंनी बालशिक्षणाचा विचार शिक्षकांपर्यंत पोचविला.

एटापल्ली-भामरागडकडे मोहफुले वेचण्याच्या दिवसांत वर्ग ओस पडतात. तेव्हा हजेरीपत्रकात गैरहजेरी मांडली, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे होत नाही. भावंडास कडेवर घेऊन आलेल्या मुलीस परत पाठवू नये. त्या लेकरासाठी वर्गातच चटई अंथरावी. मुलीच्या माडिया वा गोंडी शब्दांपासून पाठास आरंभ करावा. जे साधले व जे फसले, ते चार ओळींत टिपून केंद्राच्या बैठकीत वाचून दाखवावे. शेजारच्या गावातील गुरुजींपुढेही तीच अडचण उभी असते.