पर्समधली गोळी

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळच्या सत्रात कायद्यावर भरपूर बोलणं झालं. आता जेवणं झाली आहेत, ऊन तापलंय, आणि तुमच्यातल्या दोघीतिघी कपाळ दाबत बसल्या आहेत हे मला इथून दिसतंय. म्हणून भाषणाआधी एक करू. ज्यांच्या पर्समध्ये आत्ता डोकेदुखीची गोळी आहे त्यांनी हात वर करा.

निम्म्याहून जास्त हात आहेत. आता ज्यांना ही गोळी डॉक्टरांनी तपासून, चिठ्ठीवर लिहून दिली आहे त्यांनीच हात वर ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या.

चार. बघा, आपण किती जणी आहोत आणि हात किती उरले.

लाजायचं कारण नाही. सहा वर्षांपूर्वी मीही हात खाली घेणाऱ्यांतच होते. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. पण कॉलेजात असल्यापासून मला अर्धशिशी आहे. डोक्याची एक बाजू ठणकायला लागली की उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. पोटात ढवळतं. अशा वेळी मैत्रिणीने दिलेली एक गोळी मला लागू पडली. मग तीच गोळी मी दुकानातून पाकीटच्या पाकीट आणायला लागले. दुकानदाराने चिठ्ठी कधी मागितली नाही आणि मीही कधी विचारलं नाही की यात आहे काय.

त्या दिवसांत आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. मारहाणीची केस होती. मी फॉर्म भरत होते आणि ती सारखी डोकं धरत होती. मी म्हटलं, "ताई, डोकं दुखतंय का? थांबा." पर्समधली माझी गोळी काढली, पाणी दिलं. मला वाटलं, मी आपुलकीने वागले. तासाभराने ती म्हणाली, परवा रात्री नवऱ्याने डोकं भिंतीवर आपटलं होतं, तेव्हापासून ठणका थांबत नाही. माझं पेन हातातच राहिलं. नाव, पत्ता, लग्नाची तारीख, मुलं किती, सगळं मी विचारलं होतं. डोकं कशाने दुखतंय, एवढंच विचारलं नव्हतं.

तिला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डोक्याचा फोटो काढला, रात्रभर ठेवून घेतलं. सुदैवाने आत काही निघालं नाही. पण ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी पाकीट हातात घेऊन मला विचारलं, "हिचं बीपी किती आहे बघितलंत का? ही गोळी रक्तवाहिन्या आवळते. बीपीवाल्या बाईला ही द्यायची नसते." त्या बाईचं बीपी शेवटच्या बाळंतपणापासून वाढलेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आज मी या विषयावर बोलायचं ठरवलं. गोळी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. अर्धशिशीचा झटका सहन करत पडून राहण्यात कसला मोठेपणा? चांगली औषधं आहेत आणि ती आपल्याला मिळाली पाहिजेत. पण गोळी विचारून घ्यायची आणि मोजून घ्यायची. आज या दोनच गोष्टी घेऊन जा.

आधी दुखणं समजून घेऊ. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जवळजवळ तिप्पट आढळते. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम उतरतं, तेव्हा अनेकींचं डोकं उठतं. कामकाज बंद पाडणाऱ्या आजारांची जगभरची मोजदाद झाली, तेव्हा २०१९ च्या आकडेवारीत तरुण स्त्रियांमध्ये अर्धशिशी पहिल्या क्रमांकावर होती. आणि घरात काय म्हणतात? "हिचं नेहमीचंच आहे." "काम आलं की हिचं डोकं दुखतं." हे ऐकून ऐकून आपणही तेच म्हणायला लागतो. बाम चोळायचा, पदर गच्च बांधायचा, एक गोळी टाकायची आणि भाकऱ्या थापायला बसायचं. बाईला अंधाऱ्या खोलीत दोन तास पडायला मिळत नाही, म्हणून ती दुसरी गोळी घेते. हे आपण सगळ्या जाणतो.

आता गोळ्यांकडे वळू. झटक्याच्या वेळी घ्यायच्या गोळ्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार साध्या वेदनाशामकांचा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन. अनेकींचा झटका यांनीच उतरतो, मात्र गोळी वेळेवर आणि पुऱ्या मात्रेत घ्यावी लागते. आयबुप्रोफेन आणि नेप्रोक्सेन उपाशी पोटी घेऊ नका. आपल्याकडे चतुर्थी, सोमवार, नवरात्र चालूच असतं. उपासाने डोकं उठतं, मग त्याच रिकाम्या पोटात गोळी जाते आणि जठराला इजा होते. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर या दोन गोळ्या मनाने घ्यायच्याच नाहीत. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य, पण सर्दीतापाच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये ते आधीच असतं. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून एकच औषध दुप्पट पोटात जातं आणि त्याचा मार यकृतावर बसतो. म्हणून पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या.

दुसरा प्रकार अर्गोटामिनचा. मी त्या ताईला दिली होती ती हीच. यात बहुधा कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषधही मिसळलेलं असतं. तुमच्यातल्या शेतकरी बायांना बाजरीवरचा अरगट माहीत आहे. पेरणीआधी आपण बी मिठाच्या पाण्यात बुडवतो आणि वर तरंगणारं काढून टाकतो. अर्गोटामिन हे त्याच जातकुळीतल्या, परदेशात राय नावाच्या धान्यावर येणाऱ्या बुरशीतून सापडलेलं औषध आहे. ते रक्तवाहिन्या आवळतं. जास्त झालं तर हातापायांची बोटं गार पडतात, बधिर होतात, मुंग्या येतात. तरीही घेत राहिलं तर बोटं काळी पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. गरोदर बाईला ही गोळी अजिबात चालत नाही, कारण गर्भाशयही आवळतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला, बीपी किंवा हृदयविकार असलेल्या बाईला चालत नाही. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक गोळ्या आणि एचआयव्हीवरची काही औषधं यांच्याबरोबर घेतली तर तिचं प्रमाण रक्तात धोकादायक वाढतं. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या मैत्रिणींबरोबर काम करणाऱ्यांनी हे लिहूनच घ्या.

तिसरा प्रकार ट्रिप्टान गोळ्यांचा. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही त्यातली नावं. या खास अर्धशिशीसाठीच केलेल्या आहेत. आता मला डॉक्टरांनी हीच लिहून दिली आहे. डोकं दुखायला लागल्यावर लवकर घेतली तर जास्त उपयोग होतो. "बघू, थांबतंय का" करत संध्याकाळपर्यंत ताणलं तर कमी होतो. पहिल्या गोळीने काहीच फरक पडला नाही तर त्याच झटक्यात तीच गोळी पुन्हा घेऊन सहसा उपयोग होत नाही. उतरलेलं दुखणं परत उठलं तर दुसरी घेता येते, पण मध्ये किमान दोन तास जायला हवेत आणि दिवसाची मर्यादा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेली हवी. हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, ताब्यात नसलेलं बीपी, यांत ट्रिप्टान नको. आणि ट्रिप्टान व अर्गोटामिन एकत्र कधीच नको. दोन्हींच्या मध्ये चोवीस तास गेले पाहिजेत. आता विचार करा, सकाळी डॉक्टरांनी दिलेली एक घेतली आणि दुपारी शेजारणीने प्रेमाने दुसरी दिली, तर काय होईल?

अर्धशिशी वारंवार होणाऱ्यांना रोज घ्यायच्या वेगळ्या गोळ्या देतात. त्यातली प्रोप्रानोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टानची मात्रा कमी करावी लागते, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. रोजच्या गोळ्यांपैकी व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट यांनी गर्भाला व्यंग येऊ शकतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे आधी सांगायला हवं. सांगितलं नाही तर आपण विचारायचं.

आता मोजण्याविषयी. हे फार थोड्या जणींना माहीत असतं. डोकेदुखीच्या गोळीनेच डोकेदुखी जडते. ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा अनेक औषधं एकत्र असलेली गोळी महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, किंवा साधी वेदनाशामक पंधरा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिलं की डोकं जवळजवळ रोज दुखायला लागतं. बाई म्हणते, दुखणं वाढलं, आणि गोळ्या वाढवते. मीही याच चक्रात होते. त्यातून सुटायला ती गोळी थांबवावी लागते आणि पहिले काही दिवस फार वाईट जातात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा आणि घरच्यांना सांगून करा.

म्हणून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाचा हिशेब लिहितो तिथेच, खूण करा. डोकं दुखलं की गोल, गोळी घेतली की फुली, पाळी आली की रेघ. आठवड्यात दोन दिवसांहून जास्त फुल्या दिसायला लागल्या तर डॉक्टरांकडे जा आणि ते पानच दाखवा. दवाखान्यात आपल्याला बोलायला दोन मिनिटं मिळतात, तेव्हा हा कागद कामाला येतो.

कुटुंब नियोजनाच्या गोळीबद्दलही सांगायला हवं. काहींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसतात, चकाकी दिसते, नजरेतला एखादा भाग पुसल्यासारखा होतो किंवा एका हाताला मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात. अशा बायकांनी माला-एन, माला-डी यांसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. पस्तिशीनंतर ऑरा नसलेल्या अर्धशिशीतही या गोळ्या सहसा देत नाहीत. तांबी आहे, संप्रेरकं नसलेली छाया गोळी आहे, निरोधही आहे. गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंनी बाईला "डोळ्यांपुढे काजवे चमकतात का?" एवढं विचारलं तरी मोठं काम होईल.

आणि काही डोकेदुखींत गोळी शोधत बसायचंच नाही, सरळ दवाखाना गाठायचा. अचानक, क्षणात उठलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापाबरोबर मान आखडलेली. बोलणं अडखळतंय, हातपाय लुळा पडलाय. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर डोकं दुखतंय, अंधूक दिसतंय, चेहरा सुजलाय. आणि डोक्याला मार लागल्यानंतरची. मारहाण झालेली बाई "मार लागला" असं आपणहून सांगत नाही. ती म्हणते, "जरा डोकं दुखतंय."

आमच्या केंद्रातल्या फॉर्ममध्ये आम्ही आता तीन ओळी वाढवल्या आहेत. डोक्याला मार लागला आहे का? बीपी, हृदयविकार किंवा गरोदरपण आहे का? कोणती औषधं चालू आहेत? आणि एक नियम केला आहे: कार्यकर्तीने आपली गोळी कोणालाही द्यायची नाही. पाणी द्यायचं, पंख्याखाली बसवायचं, डॉक्टरांकडे सोबत जायचं. तुमच्या केंद्रात, बचत गटात हे करता येईल. दुकानात औषध घेताना पाकिटावर उभी लाल रेघ आहे का ते बघा. ती असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं आणि घ्यायचं नसतं. पक्कं बिल मागा.

शेवटी एकच. ती ताई आता आमच्या गटात येते. मागच्या महिन्यात बैठक चालू असताना माझंच डोकं उठलं. मी पर्स उघडली, तर ती म्हणाली, "मॅडम, या महिन्यात कितवी?" मी मोजलं. चौथी. ती म्हणाली, "मग घ्या. आणि आत जाऊन पडा, बैठक आम्ही चालवतो." बैठक त्यांनी चालवली, आणि चांगली चालवली.

आपल्यापैकी प्रत्येकीला असं विचारणारं कोणीतरी हवं, आणि आत जाऊन पडायला जागाही हवी. ती घरात मागायची, गटात मागायची आणि कामाच्या ठिकाणीही मागायची.

आता ज्यांचं डोकं खरोखर दुखतंय त्यांनी मागच्या खोलीत जावं. तिथे सतरंजी घातली आहे आणि दिवे बंद ठेवले आहेत. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.