वही वाचली तर धंदा वाचला



२६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडले. अनेक दुकानांत मालाबरोबर हिशेबाच्या वह्याही भिजल्या. माल पुन्हा भरता येतो. पण कोणाकडे किती उधारी, हे वहीच सांगते.

पुढच्याच वर्षी, २००६ साली, अ‍ॅमेझॉन कंपनीने आपले संगणक इतर उद्योगांना भाड्याने देण्यास आरंभ केला. या सोयीस ‘क्लाउड’ म्हणतात. नावात ढग असला, तरी हिशेब राहतो दूरच्या इमारतीतील यंत्रांवर. आपण तो इंटरनेटवरून पाहतो. विजेच्या मीटरप्रमाणे जेवढा वापर तेवढे बिल. यंत्रात भांडवल अडकत नाही. सणासुदीला वापर वाढवावा, एरवी कमी करावा.

मात्र गाफील राहू नका. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे अशीच इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, अशा कित्येकांची माहिती कायमची गेली. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि पासवर्ड जपा.

पालकांनो, हे काम मुलांबरोबर मुलींच्याही हाती द्या. विद्यार्थ्यांनो, सुरुवात आज घरच्या उधारीच्या वहीपासूनच करा.