मेंदूतील चुन्याचे ठिपके

जालना जिल्ह्यातील राजूर हे गणपतीचे क्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. अशा गावातील एखाद्या तरुणास अकस्मात फेफरे यावे, शहरात नेऊन त्याच्या मस्तकाचे सीटी स्कॅन करावे आणि अहवालात ‘मेंदूत कॅल्शियम साचले आहे’ असे वाक्य आढळावे, तर घरची वडील मंडळी काय करतील? बहुधा त्याचे दूध बंद करतील. परंतु ही समजूत चुकीची, आणि प्रसंगी घातकही होय.

मेंदूतील चुना हा स्वतः रोग नव्हे. ती केवळ एक खूण आहे. चुना क्ष-किरणांस अडवितो, म्हणून चित्रात तो पांढरा दिसतो. 1971 साली लंडन येथे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले, तेव्हापासून बारीक ठिपकेही दिसू लागले. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांत मात्र ते पुष्कळदा निसटतात.

कारण ओळखावयाचे ते ठिपक्याच्या जागेवरून, आकारावरून आणि रुग्णाच्या वयावरून. मध्यावरील पिनियल ग्रंथीत वयोमानाने साचलेला चुना निरुपद्रवी असतो. मेंदूच्या गाभ्यात दोहों बाजूंस सारखाच आणि पुष्कळ चुना दिसला, तर रक्त तपासावे लागते. पॅराथायरॉइड ग्रंथी दुबळ्या असल्यास रक्तातील कॅल्शियम घटते, फॉस्फेट वाढते आणि त्यामुळेच मेंदूत चुना साचतो. अशा रुग्णास कॅल्शियम व ड जीवनसत्त्व द्यावेच लागते! रक्त निर्दोष निघाल्यास कुलपरंपरेने येणाऱ्या विकाराचा विचार करावा लागतो. नवजात अर्भकात असे ठिपके आढळल्यास मातेच्या गर्भारपणातील संसर्गाचा शोध घेतला जातो.

आपल्या देशात आणखी एक कारण वारंवार आढळते. ते म्हणजे डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीची अंडी. 1930 नंतरच्या दशकात, हिंदुस्थानात राहून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना फेफरे का येते, याचा उलगडा इंग्रज लष्करी वैद्यांनी याच कृमीवरून केला. ही अंडी पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात व भाजीपाल्यावर येतात. म्हणून शाकाहारी माणूसही सुरक्षित नाही. मेंदूत शिरलेली अळी मरते आणि तिच्या जागी वाटोळा, लहानसा चुन्याचा ठिपका उरतो. मेलेल्या अळीवर कृमिनाशकाचा उपयोग नाही. फेफरे थांबविणारे औषध मात्र नेमाने घ्यावे लागते.

तेव्हा अहवाल हाती येताच आहार बदलू नये. ठिपका कोठे आहे, कसा आहे आणि रक्त काय सांगते, हे तीन प्रश्न डॉक्टरांस विचारावेत. भाजी स्वच्छ धुणे, हात धुणे आणि शौचालयाचा वापर, एवढ्यानेही यातील एक कारण पुष्कळसे टळू शकते.