हिमनदीकाठची पंगत



आल्प्सचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चित्रपटांतली हिरवी कुरणे येतात, आणि जो सहलीला जाऊन आला असेल त्याला युंगफ्राउयोखचे स्थानक आठवते. १९१२ साली तिथवर पोहोचलेली रेल्वे प्रवाशाला ३४५४ मीटर उंचीवर नेऊन सोडते. छायाचित्रे निघतात, चॉकलेटची खरेदी होते, परतीची गाडी पकडली जाते. त्याच स्थानकातून काही थोडी मंडळी मात्र कमरेला दोर बांधून बर्फावर उतरतात आणि आलेच हिमनदीच्या अंगावरून दक्षिणेकडे चालू लागतात. सोबत वाटाड्या असतो, कारण बर्फातल्या भेगा वरून दिसतातच असे नाही. काही तासांनी चार हिमप्रवाह जिथे एकत्र येतात त्या विस्तीर्ण पठारावर ती पोहोचतात. तिथून कड्यावर, सुमारे २८५० मीटर उंचीवर, कॉन्कॉर्डिया कुटी दिसते. संध्याकाळच्या जेवणाआधी तिथे पोहोचायचे असते.

एका जेवणासाठी एवढी यातायात कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. सिंहगड पायी चढून पिठलं-भाकरीला बसलेला माणूस तो विचारणार नाही.

या कुट्यांचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. स्वित्झर्लंडचा आल्पाइन क्लब १८६३ साली ओल्टन येथे स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने ट्योडी पर्वतावर ग्र्यूनहॉर्न ही पहिली कुटी उभारली. हेतू साधा होता: शिखर चढणाऱ्याला रात्री डोके टेकायला कोरडी जागा मिळावी. जेवणाची कल्पना त्यात नव्हती. शिधा आणि सरपण ज्याने त्याने पाठीवर न्यायचे. पुढे कुट्यांवर राखणदार राहू लागले. जर्मनमध्ये त्यांना ‘ह्युटेनवार्ट’ म्हणतात. तरीही पुष्कळ वर्षे पाहुण्यांनी आणलेलाच शिधा राखणदार शिजवून देत असे. आज क्लबच्या सुमारे दीडशे कुट्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी यजमानाचेच जेवण मिळते. कॉन्कॉर्डियाची पहिली कुटी १८७७ सालची.

कुटीत शिरताच पहिली अट असते बुटांची. दारालगतच्या खोलीत बूट काढून ठेवायचे आणि तिथल्या सपाता घालायच्या. मग वहीत नाव, आलो कुठून आणि उद्या जाणार कुठे, हे लिहायचे. ही वही केवळ हिशेबासाठी नसते. कोणी हरवला, तर शोध कोणत्या दिशेने घ्यावा हे तीच सांगते.

जेवणाची वेळ ठरलेली, साधारण साडेसहा. पदार्थही ठरलेले: आधी गरम सूप, मग कोशिंबीर, मग मुख्य पदार्थ, शेवटी काहीतरी गोड. निवड नाही. लांब बाकांवर अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून बसतात आणि सूपचे मोठे भांडे हातोहात पुढे सरकते. डॉक्टर, सुतार, वाटाडे सगळे एकाच पंगतीला. मुख्य पदार्थ पुष्कळदा ‘एल्प्लरमाग्रोनेन’ असतो. मॅकरोनी आणि बटाटे एकत्र शिजवून त्यात साय आणि चीज घालतात, वर तळलेला कांदा पसरतात आणि शेजारी सफरचंदाचा गोडसर लगदा वाढतात. पहिला घास मराठी जिभेला नक्कीच बुचकळ्यात टाकतो. त्यामागचे शहाणपण मात्र लगेच कळते: दूधदुभते डोंगरावरच्या कुरणातले, बटाटा टिकणारा आणि मॅकरोनी हलकी व न नासणारी. डोंगरावर जे होते आणि डोंगरावर जे सहज नेता येत होते, त्यातून हे ताट जमले.

स्वयंपाकघरात गेल्यावर या साधेपणाची किंमत कळते. त्या उंचीवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते, त्यामुळे बटाटा शिजायला सपाटीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. पूर्वी सामान हमालांच्या पाठीवर आणि खेचरांवरून येई. आता दुर्गम कुट्यांकडे ते हेलिकॉप्टरने येते. हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही, आणि मग राखणदाराला कोठीत आहे त्यात भागवावे लागते. पिण्याच्या पाण्याची बाटली एवढी महाग का, अशी तक्रार नवखे पाहुणे करतात. त्यांनी त्या हेलिकॉप्टरची घरघर ऐकलेली नसते. नळाचे पाणी म्हणजे वितळलेले बर्फ. वरच्या उतारावरचा हिमसाठा उन्हाळ्यात लवकर संपला की कुटीलाच तहान लागते. असे उन्हाळे आता वारंवार येऊ लागले आहेत, म्हणून काही कुट्यांनी पाण्याविना चालणारी शौचालये बसवली आहेत.

हंगाम संपला की राखणदार खाली उतरतो, पण कुटीला पूर्ण कुलूप लागत नाही. एक खोली उघडी असते. तिच्यात चूल, लाकडे, भांडी आणि घोंगड्या ठेवलेल्या असतात. हिवाळ्यात येणाऱ्याने आपली नोंद करावी, वापरलेल्याचे पैसे भरावे, भांडी घासून ठेवावी आणि निघावे. पाहायला कोणी नसते. वादळात सापडलेल्या माणसासाठी ती खोली म्हणजे जीव आणि मृत्यू यांमधले अंतर असते, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आता त्या पायऱ्यांविषयी. कॉन्कॉर्डिया कुटी बांधली तेव्हा ती बर्फाच्या पृष्ठभागापासून सुमारे ५० मीटर उंच होती. हिमनदीवरून थोडे चढले की दार. आलेच हिमनदी आल्प्समधील सर्वांत मोठी, आजही सुमारे २० किलोमीटर लांब. २००१ साली हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाला. तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिचे मुख तीन किलोमीटरहून अधिक मागे सरले आहे, आणि कुटीखालचे बर्फ तर सतत खचतच आहे. कुटी हलली नाही, नदी खाली गेली. मग कड्याला लोखंडी जिने ठोकले. बर्फ आणखी उतरले की खाली आणखी पायऱ्या जोडायच्या. आज त्या चारशेहून अधिक झाल्या आहेत. दिवसभर चालून थकलेला पाहुणा धापा टाकत त्या मोजतो. आजोबांच्या पिढीला हा जिना चढावा लागला नव्हता, आणि नातवाला याहून लांब जिना चढावा लागेल.

सगळीकडे जिन्याने भागत नाही. बर्नीज आल्प्समधली, जवळजवळ २९०० मीटर उंचीवरची मुटहॉर्न कुटी शंभराहून अधिक वर्षे पाहुण्यांना जेऊ घालत होती. तिच्या मागचा डोंगर अस्थिर झाल्याचे दिसून आले. खडकाला आतून धरून ठेवणारे कायमचे गोठण सैल पडले की दरड कोसळते. २०२१ साली ती कुटी बंद करण्यात आली. भिंती धड, छप्पर धड, पण तिथे कोणाला झोपू देणे शहाणपणाचे राहिले नाही.

कॉन्कॉर्डियात मात्र रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवतात. शिखराकडे जाणाऱ्यांना पहाटे तीन-चारलाच न्याहरी मिळते: पाव, लोणी, मुरंबा. राखणदार मोठ्या किटलीतून प्रत्येकाच्या थर्मासमध्ये वाटेसाठी गरम चहा ओततो. सपाता जागेवर ठेवल्या जातात, बूट बांधले जातात, डोक्यावरचे दिवे लागतात आणि दिव्यांची रांग जिन्याने खाली उतरू लागते. सर्वांत शेवटचा, सर्वांत नवा जिना जिथे संपतो, तिथे दोर पुन्हा कमरेला बांधायचा आणि बर्फावर पाय ठेवायचा.