समज हवी, समजूत नको
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थी एक मुख्य विषय निवडतो आणि त्याच्या जोडीला काही अभ्यासक्रमांचा मिळून एक दुय्यम विषय घेऊ शकतो. त्याला 'मायनर' म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर हा शब्द आपल्याकडेही रूढ होत आहे. वंश, वांशिकता आणि आंतरसांस्कृतिक सामंजस्य या नावाचे किंवा आशयाचे दुय्यम विषय तेथे शिकवले जातात. हा विषय कोठून आला आणि त्याचे काय होऊ घातले आहे, एवढेच आज मांडायचे आहे.

मी भाषांतराचे काम करते. इंग्रजीतील 'अंडरस्टँडिंग' या एका शब्दासमोर मराठीत दोन शब्द उभे राहतात. एक समज, म्हणजे आकलन. दुसरा समजूत, आणि समजूत घातली जाते ती रडणाऱ्याची, रागावलेल्याची, त्याने गप्प बसावे म्हणून. या विषयाने विद्यार्थ्याला यांपैकी काय द्यावे, हाच खरा वाद आहे.

हा विषय कोणा कुलगुरूच्या औदार्यातून जन्मलेला नाही. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते व तेथील अध्यापक जॉर्ज मरे यांचे निलंबन हे त्याचे तात्कालिक कारण होते. ब्लॅक स्टुडंट्स युनियन आणि 'थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट' या आघाडीने मिळून पंधरा मागण्या मांडल्या. या आघाडीत लॅटिन अमेरिकी, मेक्सिकन, फिलिपिनो, चिनी व जपानी वंशाचे विद्यार्थी एकत्र आले होते. आपल्या पूर्वजांनी ज्या देशाची शेते पिकवली, रेल्वे बांधली, त्या देशाच्या पाठ्यपुस्तकांत आपण का नाही, आणि आपली मुले या वर्गांत इतकी थोडी का, असा त्यांचा प्रश्न होता. जानेवारी १९६९ मध्ये शिक्षकांची कामगार संघटनाही संपात उतरली. त्याच महिन्यात एका दिवसात चारशेहून अधिक जणांना अटक झाली. मार्चमध्ये समझोता झाला आणि वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. मात्र मरे यांना परत घेतले गेले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संप मोडण्यासाठी नेमलेले हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा हे स्वतः जपानी वंशाचे आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक होते. उलट, संपकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शिक्षकांत अनेक गोरे होते. माणूस कोणत्या बाजूला उभा राहील हे केवळ कातडीचा रंग ठरवीत नाही. म्हणून वंशाचा अभ्यास श्रम, मालकी आणि सत्ता यांच्यापासून तोडता येत नाही. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ साली 'ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात, यादवी युद्धाच्या काळात गुलामांनी मळे सोडून जाणे याला सार्वत्रिक संप म्हटले, ते याच दृष्टीने. हेच दु बॉइस १९६१ साली अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

सत्ताधाऱ्यांनी या विषयाशी दोन प्रकारे व्यवहार केला आहे. एक, बंदी. ॲरिझोना राज्याने २०१० साली कायदा करून टूसॉन शहरातील शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पाडला. त्यामागे वांशिक आकस होता, असा निर्णय संघीय न्यायालयाने २०१७ साली दिला. दुसरा प्रकार अधिक मवाळ. सण, पोशाख, खाद्यपदार्थ यांची ओळख करून द्यायची, परस्परांशी सौजन्याने वागायला शिकवायचे आणि वेतन, घर, तुरुंग यांचा उल्लेख टाळायचा. ही समजूत घालणे झाले. सौजन्याला आपला विरोध नाही. परंतु ज्याच्या वस्तीत भाड्याचे घर मिळत नाही, त्याला केवळ सौजन्य पुरत नाही.

आपला या प्रश्नाशी संबंध जुना आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली दु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नावच अमेरिकेतील लढ्याशी नाते सांगते.

पूर्वी एका लेखाच्या भाषांतरात मी 'रेस' या शब्दासाठी घाईने 'जात' असे लिहिले होते. एका ज्येष्ठ साथींनी ती चूक दाखवली : वंश आणि जात एक नव्हेत, दोहोंची घडण वेगळी आहे. ते बरोबरच होते. पण जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने, म्हणजे १९६८ च्या त्या कॉलेजाचा जिच्यात समावेश होतो त्याच संस्थेने, भेदभावविरोधी धोरणात वंश व वांशिकता यांच्या कलमात जातीचा उल्लेख केला. दलित विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी त्यासाठी झगडा केला होता. शब्द वेगळे राहिले, लढा जोडला गेला.

कॉम्रेड्स, आपल्यापैकी अनेकजण मराठी मुलुखाबाहेर, परभाषिक कामगारांमध्ये काम करतात. आपली मुले उद्या असा एखादा दुय्यम विषय निवडतील. त्यांना अवश्य निवडू द्या. मात्र वर्गात हे विचारायला सांगा : कष्ट कोणाचे, मालकी कोणाची, आणि हा इतिहास आजवर लिहिला कोणी? हे प्रश्न विचारले गेले, तर गुणपत्रिकेत दुय्यम असलेला विषयही समज देईल. विचारले गेले नाहीत, तर मुख्य विषयसुद्धा समजूतच घालील.